सलग वीस मिनिटं

मामांचं कार्ड ज्या बोटानं रद्द झालं, ते बोट माझं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तुम्ही दुसऱ्या कुणाला दोष देत बसणार नाही. यंत्राला तर मुळीच देऊ नका. यंत्रानं मी शिकवलं तेवढंच केलं.

मी राजश्री हावळ. राहणार इचलकरंजी, वय छत्तीस. वडील यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात दारात उभे राहून ते सांगायचे, तिसऱ्या ओळीतला पाचवा माग लंगडतोय. आणि तो लंगडतच असायचा. त्यांचा कान माझ्याकडं आला, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि इथंच घोडं पेंड खातं.

निम्मे माग भंगारात गेले तेव्हा एका बंद कारखान्यात वीज-पडताळणी केंद्र निघालं. जिथं माग होते तिथं टेबलं आली. धोट्यांच्या आवाजात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांच्या चाळीस पोरी कानाला हेडफोन लावून बसल्या. आमचं काम आरोग्य-छत्र योजनेचं. गरीब घराला एक कार्ड मिळायचं. ते असलं की दवाखाना, औषधं, ऑपरेशन सगळं सरकारकडून. मात्र दरवर्षी त्याचं नूतनीकरण व्हायला हवं, कारण काल गरीब असलेला माणूस आज गरीब असेलच असं नाही, असं सरकारला वाटतं.

पूर्वी हे नूतनीकरण कागदांवर चालायचं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, रहिवासी दाखला, आणि यातलं एक नेमकं घरी विसरलेलं. माझ्या वडलांचं कार्ड एका राहिलेल्या शिक्क्यापायी अकरा दिवस बंद होतं. त्यातल्याच नवव्या दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. पुढचं सांगत नाही. म्हणून कागद बंद होणार, रांग बंद होणार, घरातलं विजेचं मीटरच साक्ष देणार, असं जाहीर झालं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. आजही ती कल्पना वाईट होती असं मी म्हणणार नाही.

कल्पना सोपी आहे. प्रत्येक उपकरण वीज आपापल्या ढंगानं खातं. बल्ब लागला की एकदम लागतो आणि मुकाट जळत राहतो. फ्रिज सुरू होताना मोठा घास घेतो, मग हळूहळू चघळतो, पोट भरलं की थांबतो. मिक्सर आदळआपट करतो. नव्या मीटरमध्ये एक चिप असते, ती दर सेकंदाला हजारो वेळा वीज मोजते. सगळ्या घराची मिळून एक वेडीवाकडी लाट निघते. आमचं यंत्र त्या लाटेची उकल करतं आणि सांगतं, या घरात दोन पंखे, एक फ्रिज, एक शिलाई मशीन. ज्या घरात एसी सापडेल ते घर गरीब नाही, असा नियम होता.

पण यंत्राला आधी शिकवावं लागतं. बाजारात रोज नवं काहीतरी येतं. ओळखीची नसलेली लाट आली की यंत्र ती आमच्याकडं पाठवायचं, घराचा पत्ता झाकून. बाकी गावांतली केंद्रं लाट पडद्यावर बघायची. आम्ही ती आवाजात बदलून ऐकायचो. आमच्या गावाची ती खोडच आहे. तिघींनी एकच नाव दिलं की ते पक्कं, आणि मग राज्यभर तशी प्रत्येक लाट त्याच नावानं ओळखली जायची.

फाल्गुनातला शुक्रवार होता. आठवड्याला दहाच लाटा ‘अनोळखी’ ठेवायची परवानगी, कारण अनोळखी लाटेसाठी माणूस घरी पाठवावा लागतो. माझ्या टेबलावर बारा जमल्या होत्या. अकरा नंबरची लाट मी कानाला लावली. कॉम्प्रेसर होता, चारशे वॅटच्या आसपास. त्या वर्षी बाजारात घडीचे छोटे एसी आले होते, तेही एवढीच वीज खात. पण हिच्यात आणखी काहीतरी होतं. दर काही सेकंदांनी एक ठक्, आणि मागोमाग फुस्स.

ठक्-फुस्स. ठक्-फुस्स.

हे ऐकताना माझ्या जिभेवर आल्याच्या चहाची चव आली. खोटं सांगत नाही. का आली, ते मी स्वतःला विचारलं नाही. पावणेसहा वाजले होते, बस सहाला होती.

“घडीचा एसी,” मी म्हणाले. “व्हॉल्व्ह ढिला झालाय.”

शेजारच्या दोघींनी हेडफोनसुद्धा लावला नाही. राजश्रीताईचा कान म्हटल्यावर काय ऐकायचं? त्यांनी बटण दाबलं, मी दाबलं. पोरींना मी वर विनोदही ऐकवला की हा एसी मागावर काम करून रिटायर झालेला दिसतोय. सगळ्या हसल्या.

आता मामांविषयी. इराप्पा म्हेत्रे. ते माझे सख्खे मामा नव्हेत, शेजारचे. आमच्या दोन घरांत एकच भिंत. वडील गेले तेव्हा मी बारावीत होते, आणि आई म्हणत होती की पोरीला मागाच्या खात्यात, कांडी मशीनवर घालू. मामांनी तिला सांगितलं होतं, “वयनी, हिला खात्यात घातलीसा तर मी तुमच्या दारातनं उठणार न्हाई.” आणि खरंच संध्याकाळपर्यंत उठले नव्हते. मी शिकले ती त्या बैठकीमुळं.

चाळीस वर्षं त्यांनी कापूस फुफ्फुसात भरला. मागावर उडणारी ती बारीक धूळ आत जाते ती परत येत नाही. गेल्या दिवाळीपासून त्यांना चार पावलं चालवेना. माघात छत्र कार्डावर त्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. तेही समजून घ्या. आपल्या भोवतीच्या हवेत पाचवा हिस्सा प्राणवायू, बाकी बहुतेक नायट्रोजन. मशीन हवा दाबून एका नळकांड्यात सोडतं. त्यात खडीसारखे दाणे असतात, ते नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढं जाऊ देतात. एक नळकांडं भरलं की झडप फिरते आणि हवा दुसऱ्यात जाते, तोवर पहिलं आपला नायट्रोजन बाहेर टाकून मोकळं होतं. झडप फिरते तेव्हा ठक् होतं. नायट्रोजन सुटतो तेव्हा फुस्स.

त्या मशीनशेजारी बसून मी रोज मामीच्या हातचा आल्याचा चहा पीत होते.

मशीन देणारं खातं वेगळं, मीटर मोजणारं वेगळं. डाव्या हाताचं उजव्याला कळवायची पद्धत आपल्याकडं नाही.

चैत्रात एका रविवारी मामीनं भिंतीवर थाप मारली. हा आमचा जुना दूरध्वनी. मी गेले तर मामा कॉटवर टेकून बसले होते, नाकाला नळी, हातात मोबाइल.

“राजू,” ते म्हणाले. त्यांना बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागायचं. “माझ्या घरात एसी हाय म्हनं. बघ बरं, कुठं सापडतोय का. मला बी जरा गार वाऱ्याला बसायचं हाय.”

मी मेसेज वाचला. घरात वातानुकूलन यंत्र सलग चालत असल्याचे आढळल्याने नूतनीकरण नाकारण्यात येत आहे. पंधरा दिवसांत फेरपडताळणी होईल.

“आनि मशीनवाल्याचा फोन आलाता,” मामी म्हणाली. “कार्ड बंद झालं तर महिन्याअखेर मशीन न्हेनार म्हनाला. आता ह्या माणसाला मी काय हातपंख्यानं वारा घालू?”

खोलीत पंखा फिरत होता, आणि मशीन चालू होतं. ठक्-फुस्स. अकरा नंबरची लाट माझ्यासमोर, मामांच्या कॉटशेजारी चालू होती.

“चूक कुनाची म्हनायची ही?” मामीनं विचारलं.

“यंत्राची,” मी म्हणाले.

इतकं सहज आलं ते तोंडातून. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती, आणि वाईट संपली नसती. केंद्रात जायचं, प्रमुख मुबीनसरांना सांगायचं की माझं नाव देणं चुकलं, त्यांनी नाव बदलायचं, झालं. पण महिनाभरापूर्वीच मला मुख्य नोंदकार केलं होतं. भिंतीवर माझा फोटो लागला होता, खाली ‘सोन्याचा कान’ असं लिहून. चूक निघाली तर पद जाणार, केंद्राचं कंत्राटही जाऊ शकेल, चाळीस पोरी घरी बसतील. ही कारणं मी स्वतःला दिली. पोरींचं कारण दिसायला चांगलं होतं, म्हणून ते पुढं ठेवलं. खरं कारण लाज होतं. फोटो काढला जाईल याची लाज.

“मामा, एक युक्ती आहे,” मी म्हणाले. “यंत्र एकदम एसी म्हणत नाही. सलग वीस मिनिटं चाललं तरच म्हणतं. पंधरा दिवस मशीन दहा मिनिटं लावायचं, मग दहा मिनिटं बंद ठेवायचं, मग परत दहा मिनिटं. फेरपडताळणीत काही सापडणार नाही. कार्ड आपोआप निघेल.”

“झेपंल काय त्यास्नी?” मामीनं विचारलं.

“पंधराच दिवस तर आहेत,” मी म्हणाले.

मामा हसले. “राजू सांगतीया म्हंजे विचार करूनच सांगत आसनार. हापिसातली हाय ती.”

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून दहा मिनिटं ठक्-फुस्स यायचं आणि मग थांबायचं. मामीनं भिंतीवरचं घड्याळ काढून कॉटच्या पायथ्याशी ठेवलं होतं. स्वयंपाक, धुणं, सगळं तिनं त्या काट्यांत बसवलं. मी कामावरून आले की कान भिंतीकडंच. मशीन बंद झालं की मीही श्वास धरायचे. कशाला, तर तेवढंच माझ्या हातात होतं. चहाला जायचं मी बंद केलं. डोकं दुखतंय म्हणायचे.

नववा दिवस माझा सुटीचा होता. सकाळी अकराच्या सुमाराला मशीन थांबलं आणि थोड्या वेळानं भिंतीवर थाप पडली. नेहमीसारखी नव्हती, तळहातानं नुसती भिंत चोळल्यासारखी. मी पळत गेले.

मामांची नखं निळी पडली होती. ओठही. बोटाला लावलेल्या चिमट्यावर आकडा अठ्ठ्याहत्तर होता, तो नव्वदच्या वर हवा. मामी मशीनच्या बटणापाशी उभी होती. एक हात बटणाजवळ, डोळे घड्याळावर, आणि डोळ्यांतून पाणी.

“लाव की मामी!”

“अजून चार मिन्टं हायती,” ती म्हणाली. “तूच सांगितलंस न्हवं, मध्ये थांबायचं.”

मी बटण दाबायला गेले तर तिनं माझं मनगट धरलं. “कार्ड जाईल गं. आठ दिवस काढल्यात त्यांनी. सगळं वाया जाईल.”

माझ्याच शब्दांनी ती माझा हात धरून ठेवत होती. मी तिला ढकललं, हो, ढकललंच, आणि बटण दाबलं. मशीन सुरू झालं. नळी मामांच्या नाकाला लावून मी प्रवाह वाढवला आणि तिथंच खाली फरशीवर बसले. आकडा चढायला बराच वेळ लागला. ऐंशी. चौऱ्याऐंशी. नव्वद झाला तेव्हा मी बोलायला लागले, आणि बोलत राहिले. शुक्रवार, अकरा नंबरची लाट, चहाची चव, सगळं.

मामी पदरानं तोंड पुसून चुलीपाशी जाऊन बसली. मामा छताकडं बघत होते.

“तुला आवाज वळखू आलता?” त्यांनी विचारलं.

“अर्धवट.”

“पर आलता.”

“आला होता, मामा.”

आमच्या मागाच्या खात्यात एक रीत होती. विणताना कापडात डाग पडला, तार तुटून जाळी झाली, की चांगला विणकर स्वतःच तिथं काठाला लाल दोरा बांधायचा. म्हणजे डाग भरणाऱ्या मेंडिंगच्या बायकांना डाग शोधत बसावं लागायचं नाही, आणि तागा बाजारात जायच्या आधी दुरुस्त व्हायचा. लबाड विणकर दोरा बांधायचा नाही. तो डाग घडीच्या आत जाईल अशी घडी घालायचा. मामांच्या ताग्यांना सगळ्यांत जास्त लाल दोरे असायचे. मालक चिडायचा, पण व्यापारी मामांचाच तागा मागायचे.

“डाग सगळ्यांच्या हातनं पडतोय,” मामा थांबत थांबत म्हणाले. “तू घडी घातलीस, राजू.” मग डोळे मिटून म्हणाले, “जा. दोरा बांधून ये.”

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मुबीनसर बागवान म्हणजे भला माणूस. केंद्र त्यांनीच उभं केलं होतं. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं.

“तिघींनी मान्य केलेलं नाव आहे हे,” ते म्हणाले. “तू एकटीच कशाला अंगावर घेतेस? तिघींच्या नावावर नजरचूक दाखवू. नजरचुकीला कोण काय म्हणणार?”

“त्या दोघींनी ऐकलंच नव्हतं, सर. माझ्यावर विसंबून बटण दाबलं. आणि मला शंका आली होती. ही नजरचूक नाही.”

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. “लिहून दे,” म्हणाले.

लिहून दिलं. नाव बदललं. ‘घडीचा एसी’च्या जागी ‘प्राणवायू यंत्र’. यंत्रानं राज्यभरच्या लाटा परत चाळल्या आणि तासाभरात यादी दिली. माझ्या त्या एका बोटानं दोन हजार एकशे सेहेचाळीस घरांचं नूतनीकरण नाकारलं गेलं होतं. संध्याकाळच्या आत सगळ्यांची कार्डं पुन्हा चालू झाली. मामांच्या मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मशीन सलग चाललेलं होतं. माझा फोटो भिंतीवरून निघाला. कंत्राट राहिलं, पोरीही राहिल्या. म्हणजे ते चांगलं दिसणारं कारणही पोकळच निघालं.

नोंदीच्या कामावरून मला काढलं आणि आमच्या भागातल्या एकतीस घरी जाऊन पत्र द्यायचं काम दिलं. चूक आमची होती, कार्ड चालू आहे, मशीन निर्धास्त चालवा, असं ते पत्र. निघण्याआधी मी त्या एकतीस घरांच्या लाटा पडद्यावर मागवल्या. आता पत्ते झाकलेले नव्हते. बहुतेक घरांत मशीन सलग चालू होतं, कारण त्या लोकांना कुणी युक्ती सांगितली नव्हती. पण पाच घरांत लाट तुकड्यातुकड्यांची होती. तुकडा मोजला तर दहा मिनिटांचा, अगदी काटेकोर. सगळ्यांत तोच.

मी ही युक्ती फक्त मामांना सांगितली होती. मग यांना कुणी सांगितली?

पाचांतली चार घरं बरी निघाली. लोक रागावले, एकानं पत्र माझ्यासमोर फाडलं, पण माणसं कॉटवर जिवंत होती. पाचवं घर यड्रावात होतं, चौगुल्यांचं. तिथली लाट तुकड्यातुकड्यांनी जेमतेम सहा दिवस चालली होती. त्यानंतर त्या घरात फक्त एक पंखा आणि दोन दिवे होते.

शालन चौगुले चाळिशीतली बाई. दारात बसून कापडाच्या ताग्यावर मेंडिंग करत होती, डाग शोधून सुईनं भरत होती. कपाळ मोकळं होतं. मी केंद्रातून आले म्हटल्यावर तिनं तागा बाजूला सारला, आतून तांब्याभांडं आणलं.

“कार्ड निघालंय न्हवं?” तिनं विचारलं. “मेसेज आलाय, पर मला नीट कळंना झालंय.”

“निघालंय.”

“मग त्या अक्काचं खरं झालं.” तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. “दवाखान्यात मशीनची जाळी बदलायच्या रांगेत गाठ पडलीती. काशव्वाक्का म्हनून हाईत, इचलकरंजीच्या. मी रडत हुतो तर मला बाजूला घिऊन सांगितलं, माझी पोरगी त्याच हापिसात हाय, दहा मिन्टं लावायचं, सलग वीस न्हाई. लई मायेची बाई. कुनाला कुनाचं पडलंया सांगा.”

काशव्वा म्हणजे आमची मामी. रांगेत पाच बायका असतील, पाचीजणींना तिनं आपल्या पोरीची युक्ती वाटली असेल, घरचं लोणचं वाटावं तशी.

“आता तीनच नावं ठेवायची कार्डावर,” शालनबाई म्हणाली. “सासू, पोरगा आनि मी. ह्यांचं काढा.” मग सुईत दोरा ओवत, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “त्या दिवशी सकाळी हे हात करत हुते. लाव म्हनून. मी घड्याळ दावलं. म्हटलं, सात मिन्टं ऱ्हायल्यात, दम काढा. ते मान हलवून गप बसले. लई ऐकायचे माझं.” दोरा काही ओवला जात नव्हता. “तवा लावलं असतं, तर काय झालं असतं ओ? एका डाव वीस मिन्टं चाललं असतं, तर काय लगेच कार्ड गेलं असतं?”

हा प्रश्न त्या बाईनं स्वतःला किती वेळा विचारला असेल, ते तिच्या आवाजावरून कळत होतं. मी पत्र देऊन उठू शकले असते. पण मग ती सात मिनिटं तिच्याच पदरात राहिली असती, आयुष्यभर.

“शालनबाई,” मी म्हणाले, “ती हापिसातली पोरगी मीच.”

मी तिला सगळं सांगितलं. मशीन एक मिनिटही बंद ठेवायची गरज नव्हती, हेही सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, तांब्या फेकून मारेल. तिनं तागा मांडीवर ओढून घेतला आणि त्याच्यावर हात फिरवत राहिली.

“म्हंजे माझ्यामुळं न्हाई,” ती म्हणाली.

“नाही. माझ्यामुळं.”

तिनं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. मी चप्पल घालत होते तेव्हा ती दारापर्यंत आली.

“काशव्वाक्कास्नी ह्यातलं काय सांगू नगासा,” ती म्हणाली. “चांगल्या मनानं सांगितलंतं त्यांनी. म्हातारं मानूस हाय, जीव घिऊन बसंल. कार्ड निघालं, तेवढंच सांगा.”

घरी आले तर मामांच्या दारात चहाचा वास येत होता. मामी पुन्हा माझ्याशी बोलायला लागली होती, पूर्वीसारखं नाही, पण लागली होती. मामा कॉटवर नळी लावून बसले होते.

“कुटं कुटं गेलतीस?” मामीनं विचारलं.

“यड्रावला. शालनबाईंचा निरोप आहे तुला. कार्ड निघालं म्हणाल्या.”

“निघालं?” मामीचा चेहरा उजळला. “बघ, म्या सांगितलंतं तिला, भिऊ नगंस म्हनून. लई रडत हुती बिचारी. आनि तिचा मालक? बरा हाय न्हवं?”

“कार्ड निघालं, मामी,” मी परत तेच म्हणाले. “तुझी आठवण काढत होत्या.”

ती खूश होऊन चहा गाळायला आत गेली.

मामा माझ्याकडं बघत होते. चाळीस वर्षं कापड बघितलेला माणूस, घडी कुठं घातली आहे ते त्यांना न उलगडता कळतं. त्यांनी हात पुढं करून कॉटवर माझ्यासाठी जागा केली. मशीन चालू होतं, ठक्-फुस्स, ठक्-फुस्स. मामीनं आणलेला चहा हातात घेऊन मी त्यांच्याशेजारी बसून राहिले, वीस मिनिटं तरी बसले असेन, आणि तो मला पिववला नाही.